धारेपासून मुठीकडे

चि. सई,


तुझं सुरीचं ड्रॉइंग नीट बघितलं. साडेसात इंचांचं पातं, सहा मिलिमीटर जाडी, पाठीवर करवतीचे दाते, मुठीत बोटांसाठी खाचा. सिनेमात शोभेल. पण पत्रात तू लिहितेस की काटक्या तासायच्या, दोरी कापायची, तंबूच्या खुंट्या करायच्या, जमलंच तर लाकडाचा चमचा कोरायचा. यातलं एकही काम या हत्याराला धड जमणार नाही. तोडायचं काम असेल तर आपल्याकडे कोयता आहेच. कोकणात गडी तो कमरेच्या आकडीला अडकवून रानात जातो. सुरीनं कोयत्याची नक्कल कशाला करायची?

तेव्हा पातं आखूड कर. कॅनडातल्या मॉर्स कोचान्स्की यांनी रानात राहण्याची विद्या आयुष्यभर शिकवली. त्यांचं माप सोपं होतं: पातं आपल्या तळव्याच्या रुंदीएवढं. तीच विद्या शिकवणाऱ्या इंग्लंडच्या रे मिअर्ससाठी अ‍ॅलन वुड यांनी घडवलेली, पुढे जगभर नकला झालेली सुरीही सव्वाचार इंचांच्या आसपासचीच, चार मिलिमीटर जाडीची. तुझ्या हाताला चार इंच पुरे.

लांबी मात्र दुय्यम. तू मुठीपासून सुरुवात केलीस, सगळे तशीच करतात, कारण मूठ डोळ्यांत भरते. मी म्हणेन, धारेपासून सुरू कर. रानात बोथट झाली तर ही सुरी तू लावणार कशी, हा पहिला प्रश्न. स्वीडनमधल्या मोरा गावच्या स्वस्त सुऱ्या बघ. पात्याच्या दोन्ही अंगांना एकेकच रुंद, सपाट उतार आणि तो थेट धारेपर्यंत. असा उतार निसण्यावर टेकवला की तो स्वतःच बसतो, कोन हातानं धरून ठेवावा लागत नाही. दमलेल्या माणसालाही धार लावता येते. दोन्ही बाजू मिळून पंचवीस अंशांचा कोन धर. मग चार मिलिमीटर जाडीला उताराची रुंदी नऊ मिलिमीटर येते, तीनला जेमतेम सात. तुझ्या सहा मिलिमीटरला साडेतेरा! तेवढं पोलाद दगडावर घासत बसशील तर स्वयंपाक कधी करशील? मी तीन घेईन.

पोलाद ओएचएनएस घे. मिअर्सच्या सुरीचं ओ-वन ते हेच, आपल्या टूलरूममध्ये डायपंचसाठी रोज लागणारं. कार्बन ०.९ टक्क्याच्या आसपास. ट्रकच्या कमानपाट्यात तो ०.६च्या घरात असतो. कोयत्याला, दणके खाणाऱ्या हत्याराला पाटा उत्तम. पण भंगारातल्या पाट्यानं किती खड्डे खाल्लेत आणि आत कुठे बारीक तडा आहे, ते बाहेरून कळत नाही. तिथे पैसे वाचवू नकोस.

आता धारेची मधली रेघ, कारण खरी मजा इथे आहे. कडेला मोरचुदाचं पाणी लाव, तांब्याचा पातळ थर चढेल. पातं सरफेस प्लेटवर आडवं ठेव. पात्याच्या जाडीइतक्याच व्यासाचं ड्रिल त्याच प्लेटवर आडवं ठेवून त्याचं टोक कडेवरून ओढ. ड्रिलचं टोक बरोबर निम्म्या उंचीवर असतं, म्हणून रेघ आपोआप मध्यावर पडते. मग पातं उलटव आणि पुन्हा ओढ. दोन रेघा पडल्या तर त्यांच्या मधोमध खरा मध्य. कानशीनं दोन्ही उतार या रेघेकडे आण, पण तिथे पोचू नकोस. कडेला अर्धा मिलिमीटर जाडी राहू दे, नाहीतर पाणी पाजताना पातळ कड वाकते किंवा तडकते. मुठीची भोकंही आधीच पाड, नंतर ड्रिल लागणार नाही.

पाणी पाजणं म्हणतो खरं, पण हे पोलाद तापवून तेलात बुडवायचं. ७७० अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला दाद देईनासं होतं. तुला त्याच्या जरा वर, ८०० अंश हवेत. घरच्या भट्टीत हा ‘जरा’च अवघड. भोसरीत हीट ट्रीटमेंटवाले आहेत, त्यांच्या लॉटमध्ये टाक; रॉकवेल कडकपणा साठच्या आसपास माग. घरी केलंसच तर तेलातून काढल्यावर कानस लावून बघ. ती काचेवरून जावी तशी सरसर घसरली तर काम झालं. लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, गार झाल्यावर पुन्हा दोन तास. घासलेल्या जागी फिका गवती पिवळा रंग येईल. निळा दिसला तर कडकपणा गेला. पुढे उतार पूर्ण करतानाही हेच भान ठेव: बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडव.

पाठ चौकोनी राहू दे. तिच्या कोरेवर चकमकीची कांडी ओढली की ठिणग्या पडतात. फक्त मुठीजवळचा इंचभर भाग गोल कर, कोरताना तिथे अंगठा दाबायचा असतो. तुझ्या करवतीच्या दात्यांवर दाबून बघ म्हणजे कळेल!

मुठीच्या खाचा काढून टाक. कोरताना पकड दर मिनिटाला बदलते, खाच एकाच पकडीला जागा देते. शिसवाच्या दोन फळ्या, पितळी पिना, अ‍ॅराल्डाइट, वरून जवसाचं तेल. म्यानासाठी कोल्हापुरी चपला करणाऱ्यांकडून बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं आण. पावसाळ्यात सुरी म्यानात ठेवून विसरू नकोस, हे पोलाद गंजतं. पुसून खोबरेल लाव.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेव. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव कायद्यात हत्याराच्या व्याख्येत सुरीही येते आणि अभयारण्यात हत्यार न्यायला आधी परवानगी लागते. ती नसेल तर सुरी घरी. सराव आपल्या मळ्यात कर. बांधावर बांबू आहे, ओढ्याकाठी निर्गुडी आहे. ताईला सांग, चमचा जमेपर्यंत पोरीनं ओट्यावर ढलप्या पाडल्या तर रागावू नकोस म्हणावं.

तुझा,
मामा