कागद नसतानाचा पेपर जॅम

प्रिंटर ‘पेपर जॅम’ म्हणतो, तेव्हा त्याने अडकलेला कागद पाहिलेला नसतो. आत कॅमेरा वगैरे काही नसतो. कागदाच्या वाटेत प्लास्टिकची एक छोटीशी दांडी लटकत असते. कागद आला की ती ढकलली जाते आणि तिच्यामागच्या सेन्सरला ते कळतं. मोटर फिरवूनही ठरलेल्या वेळात दांडी हलली नाही, किंवा हलली ती परत जागेवर आलीच नाही, की प्रिंटर अंदाज बांधतो की कागद अडकला असणार. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबर असतो. नसतो तेव्हा माणसं रिकाम्या प्रिंटरमध्ये तासभर कागद शोधत बसतात.

आमच्या रत्नागिरीच्या घरी गेल्या जुलैत हेच चाललं होतं. प्रिंटर आईचा. ती पाचवी ते सातवीच्या चौदा मुलांच्या शिकवण्या घेते. दर शनिवारी चाचणी असते. आधी ती प्रश्न फळ्यावर लिहायची, मुलं उतरवून घ्यायची आणि अर्धा वेळ त्यातच जायचा. पाच वर्षांपूर्वी तिने शिकवणीच्या पैशातून इंक टँक प्रिंटर घेतला. घरातल्या कुणालाही न विचारता तिने घेतलेली ती पहिली मोठी वस्तू.

दुरुस्तीला आलेल्या माणसाने प्रिंटर चालू केला, ‘पेपर जॅम’ वाचलं, झाकण वर करून आत डोकावला आणि म्हणाला, “कागद तर नाहीये. बोर्ड गेला असणार. या मॉडेलचा आता मिळत नाही. नवीनच घ्या.” व्हिजिटचे पाचशे घेऊन तो गेला. नवीन साधारण पंधरा हजारांचा, म्हणजे आईची जवळजवळ तीन महिन्यांची फी. तिने कपाटातून खडूची पेटी काढली आणि म्हणाली, “फळा आहे की.” ते तिने फार सहज म्हटलं, आणि तेच मला टोचलं.

मी त्या आठवड्यात घरूनच काम करत होतो. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करून प्रिंटर टेबलावर घेतला. पहिलं काम म्हणजे प्लग काढणं. नुसतं बटण बंद करून भागत नाही. दुसरं म्हणजे इंक टँकवाला प्रिंटर उलटा करायचा नाही, नाहीतर टेबलाची होळी होते. मागचं कव्हर काढलं आणि मोबाइलच्या टॉर्चने कागदाची सगळी वाट पाहिली. खरंच कागद अडकलेला असेल तर तो दोन्ही हातांनी, हळूहळू, शक्यतो कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेने ओढायचा असतो. हिसका दिला की फाटतो, आणि आत राहिलेला कोपरा पुढचे सहा महिने छळतो. आमच्याकडे कोपराही नव्हता. दांडी बोटाने हलवून पाहिली, ती नीट परत येत होती.

मग रोलर पाहिला. कागद आत ओढणारं हे रबर कागदाच्या भुकटीने हळूहळू गुळगुळीत होतं आणि मग कागद नुसता घसरतो. कोकणातल्या पावसात कागदही सर्दावतो आणि दोन-तीन पानं एकमेकांना धरूनच आत जातात. ओल्या फडक्याने रोलर पुसला, वाळू दिला आणि प्रिंटर चालू केला. पुन्हा ‘पेपर जॅम’.

तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अरे, पण तो कागद घ्यायच्या आधीच कुरकुरतो.”

मी तोवर स्क्रीनवरचं वाचत होतो आणि ती पाच वर्षं त्याचा आवाज ऐकत होती. प्लग काढून पुन्हा लावला आणि दोघांनी कान दिला. शाईचं हेड डावीकडे निघालं, थोडं सरकलं, खट्‌ झालं, थांबलं. रोलर फिरलाच नव्हता. कागदाचा या प्रकरणाशी संबंधच नव्हता.

हेड आपण कुठे आहोत हे एका पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवरून ओळखतं. ती हेडच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली असते. तिच्यावर इंचाला दीडशेच्या आसपास बारीक रेषा असतात आणि हेडवरचा सेन्सर त्या मोजत जातो. मोटर चालू आहे पण रेषा मोजल्या जात नाहीत, असं झालं की प्रिंटरला वाटतं हेड कशाला तरी अडलं. अडलं म्हणजे कागदालाच, असं त्याच्या प्रोग्रॅममध्ये धरलेलं असतं. टॉर्च तिरका धरला तेव्हा पट्टीवर बोटभर लांबीचा शाईचा धुरकट डाग दिसला. पट्टी न काढता, मऊ फडक्याला किंचित पाणी लावून हलक्या हाताने पुसली. स्पिरिट वापरलं नाही, काही पट्ट्यांवरच्या रेषाच त्याने जातात. दहा मिनिटं थांबलो. चालू केल्यावर हेड या टोकाहून त्या टोकाला जाऊन आलं. बोर्ड धडधाकट होता.

अडकणाऱ्या प्रिंटरची एक गोष्ट आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. 1980च्या सुमारास एमआयटीच्या एआय लॅबला झेरॉक्सने एक लेझर प्रिंटर भेट दिला. कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या स्क्रीनवर सूचना जावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमनला त्यात करायची होती. जुन्या प्रिंटरला त्याने ती केलेली होती. नव्याचा सोर्स कोड मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. हा नकार स्टॉलमन विसरला नाही, आणि सप्टेंबर 1983मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला. आपल्याकडे जुलै 2022मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं हे चार विषय तिने आधी घेतले. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कंपनीबाहेरही मिळावी, असा त्यामागचा विचार आहे.

तो हक्क हवाच. पण आईच्या प्रिंटरला सुटा भाग लागलाच नाही. लागलं ते एक फडकं, आणि मशीनने सांगितलेलं कारण तपासून पाहायची तयारी. एरर मेसेज कसे लिहिले जातात ते मला माहीत आहे, मी रोज लिहितो. जे मोजलं ते एक असतं, आणि वापरणाऱ्याला सोपं जावं म्हणून आपण लिहितो ते दुसरंच असतं. ‘हेडची जागा कळत नाही’ हे मोजलेलं होतं. ‘पेपर जॅम’ हा कुठल्यातरी ऑफिसात बसून कुणीतरी केलेला तर्क होता. दुरुस्तीवाल्याने तोच तर्क पुढे नेला आणि पाच वर्षांचा चालता प्रिंटर भंगारात निघाला होता.

शनिवारी चौदा प्रश्नपत्रिका निघाल्या. ऑगस्टमध्ये आईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, “परवा कागद घेत नव्हता. रोलर पुसला मी.” आणि लगेच माझ्या जेवणाची चौकशी सुरू केली.