बढती

१९९८ साली मी अंधेरीच्या सीप्झमधील एका कंपनीत प्रोग्रॅमर होतो. सकाळी वसईहून लोकल गाठायची आणि दिवसभर कोबोल भाषेतील जुने प्रोग्रॅम तपासायचे, असा क्रम होता. पूर्वी संगणकाची स्मृती महाग असल्याने वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदवीत. त्यामुळे २००० साल उजाडताच अनेक संगणक ते १९०० समजतील, अशी जगभर धास्ती होती. त्या दुरुस्तीचे पुष्कळसे काम भारतात आले होते.

आमच्या गटात आम्ही पाच जण. वयाने सर्वांत वडील असलेल्या गृहस्थांना आम्ही 'काका' म्हणत असू. कुणाचे काही अडले की ते आपले काम बाजूला सारून त्याच्याशेजारी जाऊन बसत. व्यवस्थापकाचे पद त्यांनी दोनदा नाकारले होते. मला मात्र बढती हवी होती. पगार वाढवायचा तर माणसांवर देखरेख करायची, एवढी एकच शिडी तेव्हा मला ठाऊक होती. ती मी चढलो आणि काकांचा वरिष्ठ झालो.

लवकरच काम मागे पडू लागले. मी आणखी पाच माणसे मागवली.

"अरे, आता माणसं वाढवू नकोस," काका म्हणाले. "त्यांना शिकवण्यातच आपला वेळ जाईल."

मी ऐकले नाही. पाच जणांत परस्परांशी बोलणाऱ्या जोड्या दहा होतात; दहा जणांत त्या पंचेचाळीस होतात. हा हिशेब मी मांडलाच नव्हता. एकाने तीसच्या आतील अंक एकविसाव्या शतकातील धरले, दुसऱ्याने पन्नासच्या आतील. सर्व प्रोग्रॅम एकत्र जोडले तेव्हा एकाच ग्राहकाचे जन्मसाल एकीकडे १९४०, तर दुसरीकडे २०४० निघाले! अखेर काकांनी रात्री जागून सर्वांसाठी एकच नियम लिहून काढला आणि काम मार्गी लागले.

वर्षअखेरीस मूल्यमापनाचा तक्ता माझ्यापुढे आला. त्यात 'स्वतः पूर्ण केलेले काम' असा रकाना होता. काकांच्या नावापुढे थोडेच काम दिसत होते, कारण त्यांचे दिवस इतरांच्या कामात गेले होते. मी त्यांना कमी गुण दिले. काही महिन्यांनी ते नोकरी सोडून गेले. जाताना "पोरांना सांभाळून घे," एवढेच म्हणाले.

पुढे फ्रेडरिक ब्रुक्स यांचे १९७५ साली प्रसिद्ध झालेले 'द मिथिकल मॅन-मंथ' वाचनात आले. आयबीएममधील स्वानुभवावरून त्यांनी हेच बजावले आहे की, रखडलेल्या कामावर माणसे वाढवली तर ते अधिकच रखडते. मला ते घरबसल्या सांगणारा माणूस माझ्याच गटात होता.

आज अनेक कंपन्यांत व्यवस्थापक न होताही वर चढता येते. माझी मुलगी याच क्षेत्रात आहे. ती बढतीविषयी बोलू लागली की मी तिला विचारतो, "तुमच्यात अडलेल्यापाशी कोण जाऊन बसतं? आणि त्याची नोंद कोण ठेवतं?"

काकांची नोंद ठेवणे माझ्या हाती होते. मी ती ठेवली नाही.