बोगद्यातून येऊ नका

इगतपुरी,
चैत्र वद्य षष्ठी

चि. सौ. ताईस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा मजकूर फोनवर पोचला. ‘मामा, वैशाखात मुलांना घेऊन आठ दिवस येते, रोज काय काय बघायचं त्याची यादी पाठवून ठेव,’ एवढाच तो मजकूर. त्याला फोनवरच दोन ओळींत उत्तर देता आले असते, परंतु ज्याने उभी हयात तहसील कचेरीत टिपणे लिहिण्यात घालवली त्याला उत्तरासाठी कागद लागतो, आणि तुझ्या मामाचे टिपण एका पानात कधी आटोपत नसे, हे तुझ्या मामीला विचारलेस तर ती शपथेवर सांगेल. सबब हे पत्र. यादीचा अर्ज मात्र नामंजूर. आठ दिवसांत चोवीस ठिकाणे पाहून मुले घरी गेली, की त्यांच्या लक्षात चोवीस ठिकाणी खाल्लेले आइस्क्रीम तेवढे राहते, असा माझा अनुभव आहे.

आधी येण्याविषयी लिहितो, कारण जावईबापूंचा बेत समृद्धी महामार्गाने मोटार आणण्याचा आहे असे कळले. ५ जून २०२५ रोजी आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि त्यातला आमच्या डोंगराखालचा जवळजवळ पावणेआठ किलोमीटरांचा बोगदा हे खरोखरच नवलाचे काम आहे. मीही पुतण्याच्या मोटारीत बसून तो पाहून आलो. आत लख्ख दिवे, रस्ता आरशासारखा, गाडीतले पाणीसुद्धा हलले नाही. आणि पाच-सहा मिनिटांनी पलीकडच्या तोंडाशी बाहेर पडलो तेव्हा ध्यानात आले की आपण सह्याद्री ओलांडला आणि सह्याद्री काही पाहिला नाही. ज्यांना नागपूर गाठायचे आहे त्यांना हा सौदा परवडतो. मामाच्या घरी निघालेल्या मुलांना तो परवडत नाही.

तेव्हा मोटार डोंबिवलीसच राहू द्या आणि कल्याणला इगतपुरीस थांबणारी सकाळची कुठलीही गाडी धरा. कसाऱ्याला गाडी थांबली म्हणजे मुलांना मागच्या बाजूला कान द्यायला सांग. थोड्या वेळाने मागून एक दबका धक्का येतो, डब्यामागून डबा तो पुढे सरकवीत नेतो, आणि हातातला चहा काठोकाठ असेल तर थोडासा कपड्यांवर येतो. ही बँकर इंजिने. घाट इतका उभा आहे की पुढच्या इंजिनाने सगळे ओझे एकट्याने ओढायचे म्हटले तर डब्यांच्या साखळ्यांवर भलताच ताण यावा, आणि एखादी साखळी तुटलीच तर मागचे डबे उताराने कसाऱ्याकडे धावत सुटावेत. म्हणून पुढून ओढायचे आणि मागून रेटायचे, असा इथला शिरस्ता. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली, परंतु हा थळघाट चढून इगतपुरीस यायला तिला १८६५ साल उजाडले. नऊ-साडेनऊ मैलांत जवळजवळ हजार फूट चढण, आणि कडक ठिकाणी सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर यावे असा चढ. ज्यांनी सुरुंग लावून आणि टोपल्या वाहून हे बोगदे खोदले त्या मजुरांची नावे माझ्या पाहण्यातल्या एकाही दफ्तरात नाहीत. बोगद्यात शिरताना मुले आरडतील, आरडू दे. बोगदा संपून एकदम दरी उघडते तेव्हा ती आपोआप गप्प होतात, हे मी तुझ्या वेळी पाहिलेले आहे.

वर आल्यावर ती इंजिने सोडतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत इथे पुढचे इंजिनही बदलावे लागे, कारण मुंबईकडची वीज १५०० व्होल्टची एकदिश आणि भुसावळकडची २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती. दोन जातींच्या या विजांचे इथे जमत नसल्यामुळे गाडी निवांत उभी राही, आणि त्या अवधीत अवघी गाडी फलाटावर उतरून बटाटेवडा खाई. आता वीज एक झाली, थांबा आखडला, वडा मात्र आहे. तो घेऊनच स्टेशनच्या पुलावर या.

आता ऋतूविषयी थोडा खुलासा. तुम्ही मुंबईकर मंडळी ज्या इगतपुरीची छायाचित्रे एकमेकांना धाडता ती श्रावणातली असते. तेव्हा डोंगर हिरवे, कडे पांढऱ्या धारांनी भरलेले, आणि विहीगावच्या धबधब्यावर माणसांची एवढी दाटी की पाणी दिसण्याआधी पाठी दिसतात. वैशाखात यातले काही नाही. गवत वाळून पिवळे पडलेले, धबधब्यांच्या जागी कड्यांवर नुसते काळे ओघळ, भाताची खाचरे राब भाजून करपलेली. परंतु डोंगराचा सांगाडा पाहायचा तर तो याच दिवसांत. अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही गड आणि त्यांच्याशेजारचे कळसूबाईचे शिखर, पावसाळाभर ढगांत बुडालेली ही मंडळी वैशाखाच्या पहाटे चौथऱ्यावर मांडलेल्या देवांसारखी ठसठशीत दिसतात. गाव सुमारे दोन हजार फुटांवर असल्यामुळे संध्याकाळी वारा सुटतो व रात्री चादर लागते. दुपार मात्र इथेही दुपारच असते, तिच्याशी हुज्जत घालू नये.

हे मी उगाच लिहीत नाही. कचेरीत नवा असताना आम्ही काही कारकून, साहेबांच्या उत्साहाला मान देऊन, वैशाखातल्या भर बाराला त्रिंगलवाडीचा किल्ला चढायला निघालो. पाणी साहेबांच्या शिपायाजवळ, आणि शिपाई शहाणा असल्यामुळे खाली झाडाखाली. साहेबांना भोवळ आली, त्यांना आम्ही पाळीपाळीने उतरवले, आणि दुसऱ्या दिवशी ‘उन्हाळ्यात दौरे सकाळीच करावेत’ असे परिपत्रक निघाले, ते माझ्याच हस्ताक्षरात. त्याच परिपत्रकाचा अंमल मी मुलांवर करणार आहे. उजाडताना निघायचे, पायथ्याच्या लेण्यात सूर्य वर येईतो बसायचे. गावकरी त्यास पांडवलेणे म्हणतात. वस्तुतः ते जैन लेणे. दाराची चौकट कोरीव कामाने गच्च भरलेली, आत भंगलेली ऋषभनाथाची मूर्ती, आणि तिच्यापाशी शके १२६६, म्हणजे इ. स. १३४४ चा लेख. थोरल्याला शाळेत शकाचे इसवी सन करायला शिकवतात की नाही कोण जाणे. इथे दगडासमोर उभे राहून अठ्ठ्याहत्तर मिळवले की तो हिशेब जन्मभर विसरत नाही. किल्ल्याच्या मागल्या अंगाला कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या व शेजारी भिंतीएवढा मारुती आहे. तिथून आठाच्या आत खाली.

कळसूबाईचा हट्ट थोरला धरणारच, कारण १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, हे त्याच्या पुस्तकात असणार. घोटीवरून बारीला जायचे, अंधारातच चढायला लागायचे. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. धाकटीला नेऊ नका, तिला मी गोष्ट सांगेन. कळसू ही कोळ्याची पोर, रानात हिंडण्याची आवड; एका घरी चाकरीस राहिली ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या दोन अटींवर. पुढे घरी पाहुणे आले, कामे अंगावर पडली, तिने ती एकदाच केली आणि चाकरी सोडून डोंगरावर गेली ती कायमची. अटींचा भंग होताच जागा सोडणारी आणि सोडल्यावर बढती मिळवून देवी होणारी असामी आमच्या अवघ्या तालुक्याच्या कचेऱ्यांत दुसरी नाही.

भंडारदऱ्याचे धरण, १९१० साली हाती घेऊन १९२६ साली पुरे केलेले, तेही त्याच वाटेवर. त्या दिवसांत जलाशय आटलेला असतो, तरी सावलीत बसायला जागा चांगली. ज्येष्ठाच्या तोंडावर तिथल्या झाडांवर काजवे लुकलुकतात, संपूर्ण झाड एका तालात पेटते आणि विझते, आणि ते पाहण्याकरिता मोटारींची रांग आपापले दिवे लावून उभी राहते. या विसंगतीपुढे मी हात टेकले आहेत. तुम्ही ज्येष्ठापर्यंत राहणार नाही, हे एका परीने बरेच. टाकेदला जटायूचे स्थान आहे, कावनईला कपिलधारा, गावाबाहेर घाटनदेवी. मामीला जोडीला घ्या, ती सगळीकडे नवस बोललेली आहे. धम्मगिरीला मुलांचे काम नाही. १९७६ पासून तिथे दहा-दहा दिवस मौन पाळून लोक विपश्यना करतात. आठव्या दिवसानंतर मलाच तिकडे जावेसे वाटेल.

बाकी वेळ करवंदांचा. घरामागच्या टेकाडावर जाळ्या लगडतील. देठ तुटला की पांढरा चीक निघतो, बोटे चिकट होतात, फ्रॉकवर पडलेला डाग धुतल्याने जात नाही. आधीच सांगून ठेवतो, जुने कपडे आण. करवंद अर्धे चावायचे आणि आत पाहायचे: लाल निघाले तर कोंबडा, फिके निघाले तर कोंबडी, आणि चावण्यापूर्वी जो अचूक सांगेल त्याला दुसऱ्याच्या द्रोणातले एक. या जुगारात तू माझे किती द्रोण रिकामे केलेस, त्याची नोंद माझ्याकडे आहे. ठाकरणी पळसाच्या द्रोणांत घालून दारावरही आणतात. त्यांच्याशी भाव करू नका, ती करवंदे काट्यांतून काढलेली असतात.

एक गोष्ट मुलांना मुद्दाम दाखवणार आहे. या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. १९१६ सालचे दारणा इथले, ऊर्ध्व वैतरणा इथले, भावली इथले. इथून वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि दारणेचे गोदावरीच्या खोऱ्यात. आणि त्याच तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर वैशाखात बाया दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन झऱ्याची वाट चढताना दिसतात, कारण खाली सगळा काळा कातळ, वर उतार. पडले ते पाणी मुरायच्या आत वाहून जाते. मुलांनी एक दिवस सकाळी एक-एक कळशी घेऊन आमच्या गड्याबरोबर विहिरीवर जावे. त्या दिवशीची आंघोळ त्यांच्या कळशीत होईल तेवढीच.

तिकिटे काढलीस की कळव, फोनवर तीन ओळी चालतील. आमच्या विहिरीला तूर्त दीड परस पाणी आहे. तुम्ही येऊन जाईतो पुरेल.

तुझा,
मामा