पहिली उडी

रविवार, रात्री.

आज लेकीच्या हातात पहिल्यांदा रिमोट दिला. सव्वापाच वर्षांची आहे. मोबाइल नको, म्हणून मुद्दाम टीव्हीवर जुना ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ लावला. १९८५ चा, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. आमच्या लहानपणी तो नकली कन्सोलवर पिवळ्या कॅसेटमधून यायचा. अडकला की कॅसेट काढून फुंकर मारायची. (त्याने काही होत असेल-नसेल, श्रद्धा मात्र पक्की.)

मारिओ निघाला. समोरून तो तपकिरी, अळंबीसारखा प्राणी चालत आला आणि ही नुसती बघत राहिली. मेला. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. हा गेम रचणाऱ्या मियामोतोंनी तो पहिला शत्रू तिथे ठेवलाय तोच मुळी न सांगता शिकवायला. तिसऱ्या खेपेला तिने उडी मारली, पण सोफ्यावरून, स्वतःच! बटण दाबायचं राहूनच गेलं.

“बाबा, तो सारखा मरतो, त्याला दुखत नाही?”

वीस मिनिटं ठरली होती, पस्तीस झाली. शेवटची पंधरा मीच खेळत होतो. बायको दारातून बघून गेली, बोलली काही नाही.