वरळी ते वरळी, व्हाया भिवंडी

वरळी नाक्याजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात मी अकरा वर्षं आहे. आधी काउंटरला होतो. टाळेबंदीनंतर शेठच्या मुलाने दुकान ऑनलाइन नेलं आणि पार्सलं माझ्या गळ्यात पडली.

पहिल्याच महिन्यात वरळी कोळीवाड्यातल्या एका मावशींनी मोबाइलवरून कुकर मागवला. दुकानातून त्यांचं घर वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर. संध्याकाळी कुरियरवाला खोकं घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी कळलं, कुकर भिवंडीच्या गोदामात आहे. तिथून चौथ्या दिवशी तो वरळीत आला, 'पत्ता सापडला नाही' असा शेरा घेतला आणि पुन्हा भिवंडीला गेला. मावशी दुकानात येऊन म्हणाल्या, "अरे, म्हावरा एवढा फिरला असता तर कुजला असता." दुसरा कुकर त्या स्वतःच पिशवीत घालून घेऊन गेल्या.

माल असा परत येण्याला या धंद्यात 'आरटीओ' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ताडदेवचं गाड्यांचं ऑफिस आठवलं. जायचं भाडं आपलं, यायचंही बहुतेक आपलंच. वर ते भाडं नुसतं तराजूवर ठरत नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणायची आणि ५००० ने भागायचं. ते वजन जास्त भरलं तर पैसे त्याचे. आमचा ॲल्युमिनियमच्या डब्यांचा सेट दोन किलोचा; पण ४० बाय ३० बाय २५ चं खोकं म्हणजे हिशेबाने सहा किलो. चार किलो हवेचं भाडं आम्ही भरतो. हल्ली मी डब्यात डबा घालून देतो.

दुसरा घोळ दुकानातला. फळीवर शेवटची कढई असते, काउंटरला गिऱ्हाईक ती हातात घेऊन वाजवून बघत असतं आणि त्याच मिनिटाला ती पनवेलला कुणीतरी घेतलेली असते. हातातली कढई काढून कशी घ्यायची? पनवेलवाल्याला फोन करून माफी मागणं सोपं. आता प्रत्येक वस्तूचा एक नग आम्ही ऑनलाइन दाखवतच नाही.

शेवटी ठरलं, ४०००१८, ४०००३० आणि ४०००२५ या तीन पिनांतला माल आपणच पोचवायचा. स्कूटर दुकानाची, पाय माझे. हा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, शिवाय संस्कृतचे मोठे कवी. सहा आकड्यांत देशातलं कुठलंही डाकघर सापडतं. पण डाकघराच्या पुढे पाठांतर लागतं, आणि ते पोस्टमनकडे असतं. लोक मला डबेवाल्यांचं उदाहरण देतात. डबेवाला मोठाच, पण तो रोज त्याच दारात जातो. मला रोज नवं दार.

कोळीवाड्यात स्कूटर बाहेर लावायची आणि विचारत आत जायचं. गोल्फादेवीच्या देवळापासून डावीकडे की उजवीकडे, एवढं फोनवर आधी विचारून घेतलं की निम्मं काम झालं. सकाळी जाण्यात अर्थ नाही, बायका बाजारात असतात. दुपारी चारला गेलं की पार्सल हातात पडतं.

बीडीडी चाळी मात्र माझ्यासारख्यासाठी स्वर्ग होत्या. वरळीत एकूण १२१ इमारती, तीन मजले चढ-उतार, मधोमध लांब व्हरांडा आणि दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. एकाच इमारतीत चार शिंदे निघायचे, पण दारं दिवसभर उघडी. "कुठले शिंदे, बेस्टवाले की गिरणीवाले?" असं कुणीतरी विचारायचंच. माणूस घरात नसला तरी पार्सल समोरच्या खोलीत, पैसेही तिथूनच. ओटीपी कसला मागता!

पुनर्विकास सुरू झाला तशी आमची पत्त्यांची वही बिघडत गेली. एकेक इमारत रिकामी झाली, खोली नंबरांवर रेघा पडल्या. १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पाचशे चौरस फूट. आनंदच आहे, माझ्याकडे भांड्यांच्या ऑर्डरी दुप्पट झाल्या. पण आता गेटवर नोंद, मग फोन, मग लिफ्टची वाट. सप्टेंबरात प्रभादेवीचा पूल पाडायला बंद झाला, त्यामुळे परळहून येणारा माल आधीच उशिरा; त्यात वीस मिनिटं गेटवर.

परवा तिथल्या एका आजींचं पातेलं घेऊन गेलो. मागवतानाच त्यांनी विचारलं होतं, "नाव घालून मिळेल का?" नाव घातलेला माल परत घेता येत नाही, म्हणून ऑनलाइनवर आम्ही ती सोय ठेवलेली नाही. पण आजी जुन्या गिऱ्हाईक. मशीन काढलं, बुडावर नाव घातलं आणि त्यांच्याच सांगण्यावरून खाली जुना खोली नंबरही.

वाटेत पाऊस लागला. खोक्यावरच्या चिठ्ठीची शाई पसरली, मजला वाचता येईना, आजींचा फोन बंद. गेटवरचा पोरगा नवा, आडनाव सांगितलं तर म्हणाला, या नावाची सात घरं आहेत. मी तिथेच खोकं फोडलं आणि पातेलं उलटं करून त्याच्यासमोर धरलं. त्याला काही कळलं नाही. मागे क्रिकेटची बॅट घेऊन उभा असलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा मात्र वाकून बघत म्हणाला, "ही तर आमच्या समोरच्या खोलीतली आजी. आता चौतिसाव्या मजल्यावर असते. चला, मी दाखवतो."