डोक्यातली सही

आमचे थोरले चुलते अण्णा चिंचेवरून पडले तेव्हा मी पाचवीत होतो. मानेखालचे सारे अंग गेले. वाचा आणि शुद्ध मात्र शाबूत. पुढची सात वर्षे त्यांनी पडवीतल्या खाटेवर काढली.

अण्णांचे अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. मुंबईला गिरणीत गेलेल्या पोरांना आयाबाया पत्रे धाडायच्या, ती सगळी अण्णांच्या हातची. अशा माणसापुढे एके दिवशी सोसायटीच्या कर्जाचा कागद आला. काकूंनी त्यांचा हात उचलला, अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला आणि कागदावर दाबला. अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवले. रात्री मी पाणी पाजायला गेलो तर म्हणाले, "पोरा, सही डोक्यात जशीच्या तशी आहे रे. खालची रेघसुद्धा ओढून होते. हातच ऐकत नाही."

दुखणाईत माणूस, काहीतरी मनाची समजूत घालतोय, असे मला वाटले.

अण्णा अक्षरशः खरे बोलत होते, हे कळायला फार वर्षे जावी लागली.

विहिरीवरच्या मोटारीची केबल मध्येच तुटली तर काय होते? खांबावर वीज असते, मोटारही धड असते, पण पाणी येत नाही. मानेतला मज्जारज्जू म्हणजे ती केबल. ती तुटली तरी मेंदू आपले हुकूम सोडतच राहतो.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हेच हुकूम पकडले. त्यांच्या प्रयोगातला माणूस ६५ वर्षांचा, २००७ साली मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय गेलेला. त्याच्या मेंदूत, हात हलवणाऱ्या भागावर, लहानशा गोळीएवढ्या दोन चकत्या बसवल्या. त्यांना केसासारख्या बारीक सुया. त्याला सांगितले, हातात लेखणी आहे असे समज आणि मनातल्या मनात अक्षरे गिरव. 'अ'ची खूण वेगळी, 'ब'ची वेगळी, असे ओळखायला संगणक शिकला आणि पडद्यावर अक्षरे उमटू लागली. मिनिटाला ९०! हा वृत्तांत २०२१च्या मे महिन्यात छापून आला. इतकी वर्षे हात निपचित पडला होता, पण मेंदू अक्षर विसरला नव्हता.

हे वाचून कोणी लगेच मुंबईची गाडी धरू नये. ही माणसे प्रयोगाला तयार झालेली. कवटी उघडावी लागते, आणि बसवलेले यंत्र जागेवर राहीलच असेही नाही. नोलंड आर्बॉ या तरुणाला २०१६ साली पाण्यात अपघात झाला होता. जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या मेंदूत असे यंत्र बसवले आणि तो नुसत्या विचाराने संगणकावर बुद्धिबळ खेळू लागला. काही आठवड्यांत यंत्राचे बरेच धागे मेंदूतून मागे सरकले. संगणकाची जुळणी नव्याने केली, तेव्हा काम पुन्हा मार्गी लागले.

काकू आता फार थकल्या आहेत. परवा त्यांच्याजवळ बसून त्या लिहिणाऱ्या माणसाची हकिगत सांगितली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग आपल्याच हाताकडे बघत म्हणाल्या,

"म्हणजे मी अंगठा दाबत होते, तेव्हा ते सही करीतच होते म्हण की."