आधी तिथे कोण होते?

बास्केटबॉलच्या पंचाने ठरवायची असते ती धडक नव्हे, धडकेची जबाबदारी. हा भेद आम्हांला नियमपुस्तकातून ठाऊक होता. उमगला तो कळंबला, आणि तोही निकाल देऊन झाल्यावर.

मुलींचा शालेय सामना होता, शेवटची दोन मिनिटे उरलेली. चेंडूचे टप्पे देत एक मुलगी बास्केटकडे झेपावली आणि समोरच्या बचावपटूवर आदळून कोसळली. आम्ही शिट्टी फुंकली व बचावपटूला दोषी ठरवले. तिचा तो पाचवा फाऊल. म्हणजे सामन्यातून बाद. "सर, मी तं आधीच तिथं होती ना!" एवढेच म्हणून ती बाकावर जाऊन बसली.

सामना संपल्यावर सहकारी पंच हळूच म्हणाले, "ती समोर तोंड करून, दोन्ही पाय रोवून उभी होती. मग फक्त एक पाऊल मागे सरली. धडक तिच्या छातीवर बसली."

म्हणजे नियम तिच्या बाजूचा होता. खेळाडू उभी असते तेवढ्या जागेवर आणि त्यावरच्या हवेवर तिचा हक्क असतो. प्रतिस्पर्ध्याकडे तोंड आणि दोन्ही पाय जमिनीवर, इतके साधले की बचावाची वैध जागा मिळते. पुढे बाजूला वा मागे सरकल्याने ती जात नाही. अशा वेळी धडावर धडक बसली तर दोष चेंडूवालीचा. आम्ही मात्र चेंडूकडे पाहत राहिलो. पडली तिची कणव आली. हलली ती अपराधी वाटली.

संध्याकाळी चिंतामणीच्या दर्शनाला गेलो. पायऱ्या उतरताना स्थानकथा आठवली. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने येथे गणेशाची आराधना केली, असे सांगतात. पण त्याच निवाड्यात शाप अहल्येलाही होता. ज्या कथनांत ती निव्वळ फसवली गेली, त्यांतही तिची शिक्षा टळत नाही. रूप पालटून आला तो कोण आणि आपल्या जागी होती ती कोण, हे संतापलेल्या न्यायाधीशाने वेगळे करून पाहिलेच नाही. आम्हांला तर संतापाचेही निमित्त नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या शिक्षिकांना गाठून आम्ही चूक कबूल केली. गुणपत्रकात अर्थातच काही बदलले नाही. "हे तिलाच सांगा, सर," त्या म्हणाल्या. सांगितले. तिने मान हलवली, बोलली काही नाही.

तेव्हापासून आमची नजर आधी बचावपटूच्या पायांकडे जाते.